मागची शिवण

छतातून पाणी ठिबकतंय, असा फोन आला
तुर्भ्याच्या लॅबमधून, मे महिन्यात,
पावसाचा पत्ता नसताना.
वैजयंतीबाईंनी रजिस्टरांवर प्लास्टिक घातलं होतं,
खाली श्रीखंडाचा रिकामा डबा.
आधी प्लंबर येऊन गेला, म्हणाला, माझे नळ कोरडे.
मग गच्ची फोडून डांबर ओतलं, अठ्ठेचाळीस हजारांचं.
डाग तसाच.
कडेने पिवळा, दर सोमवारी थोडा मोठा.

मी घोडा लावला, एक टाइल सरकवली,
बॅटरी दातांत धरून वर गेलो.

पाणी कुठून गळत नव्हतंच.
हवेतून येत होतं.
हे लोकांना पटत नाही.

खाडीवरनं येणारी ही जाड हवा,
सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटवणारी,
तिला फक्त एक गार जागा हवी असते टेकायला.
पत्र्याच्या आत चौदा डिग्री,
पत्र्यावर दोन इंच ग्लासवूल,
त्यावर चंदेरी कागद,
आणि सगळी मदार त्या कागदावर.
लोकर गारवा धरते. ओल नाही अडवत.
टाचणीएवढं भोक पुरतं:
वाफ आत शिरते, पत्र्याला शिवते
आणि तिचं पाणी होतं.
लोकर पिते, पितच राहते,
मग एक दिवस पोटाशी लोंबायला लागते
गाभण म्हशीसारखी.

मुबीनला मी शिकवत असतो.
आधी कागद पूस, धुळीला काही चिकटत नाही.
टेप दोन इंच एकावर एक घे.
मग पट्टीने घास,
आतल्या धाग्यांची चौकट वर उमटेपर्यंत घास.
सांध्यावर मॅस्टिक, हात आखडू नको.
पट्टा जिथे लोकर दाबतो तिथे ठोकळा घाल.
स्टेपल मारलीस तर तिच्यावरही टेप.
तो म्हणतो, उस्ताद, एवढं वर बघायला येणार कोण?
मी म्हणतो, हवा.

माझा बाप घणसोलीच्या मिठागरात राबला.
खाडीच्या पाण्याने कोंड्या भरायच्या,
उन्हाने पाणी उचलून न्यायचं,
उरायचं ते आपलं.
जन्मभर त्याने पाणी हवेत धाडलं,
आणि मी इथे, तेच परत उतरू नये म्हणून
टेप घासत बसलोय.
घरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटलं
की तो जेवण टाकून उठायचा, बांध बघायला.
म्हणायचा, बांद भरतीनं नाय फुटत रं,
खेकऱ्याच्या बिलानं फुटतं.
आता तिथे सेक्टर आहे. पार्किंगवरून भांडणं होतात.

तर मी डक्टच्या मागे हात घातला.
स्लॅब आणि पत्रा यांत जेमतेम वीतभर जागा,
कोपर सोलवटलं,
बोटं शिवणीवरून सरकत गेली
आणि टेपच लागेना.
एक हात लांब, उघडी, थंडगार,
बाळाच्या ओल्या लंगोटासारखी लोकर.
कुणी केलं हे काम, असं तोंडात आलंच होतं.
तेवढ्यात बॅटरीचा उजेड बाजूच्या कागदावर पडला.
मार्करने लिहिलेलं, अजून ठळक:
ओके. तारीख, साडेसहा वर्षांपूर्वीची.
खाली सही.

माझी.

आठवली ती रात्र. सकाळी उद्घाटन,
खाली दोन मुली रांगोळी काढत होत्या,
कंत्राटदार घड्याळ दाखवत होता,
हात मागे पोचत नव्हता
आणि मी म्हटलं होतं,
मागून कोण येतंय.

"काय मिळालं, उस्ताद?" मुबीन खालून ओरडला.
"खेकडा."
तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा.

सात गोण्या ओली लोकर निघाली.
दोन दिवस पत्रा पुसून कोरडा केला,
नवी लोकर, नवा कागद,
आणि ती मागची शिवण मी मुबीनला करू दिली नाही.
छोटा आरसा लावून पाहिला, नीट दिसेना.
शेवटी डोळे मिटले आणि बोटांनी घासत राहिलो,
चौकटीचा एकेक धागा
बोटाला लागेपर्यंत.

बिलात मजुरीचा रकाना कोरा सोडला.
वैजयंतीबाई म्हणाल्या, इथे लिहायचं राहिलंय तुमचं.
मी म्हटलं, नाही, लिहिलंय.
वर.